श्री. ना. पेंडसे वाचताना : खोती, पोफळी आणि बंदर (धाग्यावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

माजघर

पेंडशांच्या कादंबऱ्या वाचायला घेणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. सुरुवात कुठून करायची? आणि ‘तुंबाडचे खोत’ अर्ध्यात का सुटतं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच जागी दिसतं. आपण या कादंबऱ्या नारळी-पोफळी, समुद्र आणि इरसाल माणसं यांच्यासाठी उघडतो. पेंडसे मात्र लिहितात ते गाव चालतं कसं याबद्दल: जमीन कुणाच्या नावावर, धान्य कुणाच्या कणगीत, रोकड कुणाच्या हातात. हे समजलं नाही तर भांडणं नुसती तऱ्हेवाईक वाटतात, पात्रं उगाचच हट्टी वाटतात.

आधी थोडक्यात चरित्र. श्रीपाद नारायण पेंडसे, जन्म ५ जानेवारी १९१३, दापोली तालुक्यातलं मुर्डी. दहा-अकरा वर्षांचे असताना मुंबईला आले आणि मग आयुष्य मुंबईतच गेलं. नोकरी बेस्टमध्ये, तीही बरीच वर्षं. मृत्यू २३ मार्च २००७, मुंबईत. म्हणजे ज्या कोकणाबद्दल ते जन्मभर लिहीत राहिले, तिथे सलग वास्तव्य बालपणापुरतंच. त्यांच्या वर्णनांत वाट, पऱ्या (लहान ओढा), साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), ओटी या गोष्टी इतक्या नेमक्या जागी का असतात, ते यावरून थोडंफार कळतं. लहानपणी पायाखाली घातलेल्या वाटा माणूस विसरत नाही.

पुस्तकं अशी: ‘खडकावरील हिरवळ’ (१९४१) ही शब्दचित्रं. मग कादंबऱ्या: ‘एल्गार’ (१९४९), ‘हद्दपार’ (१९५०), ‘गारंबीचा बापू’ (१९५२), ‘हत्या’ (१९५४), ‘यशोदा’ (१९५७), ‘कलंदर’ (१९५९), ‘रथचक्र’ (१९६२), ‘लव्हाळी’ (१९६६), ‘ऑक्टोपस’ (१९७२), ‘आकांत’ (१९८१), ‘तुंबाडचे खोत’ (१९८७), ‘गारंबीची राधा’ (१९९३). यानंतरही लिहीत होते. ‘रथचक्र’ला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. स्वतःच्या लेखनाबद्दलचं ‘लेखक आणि माणूस’ १९७४ चं.

माझ्या मते क्रम असा ठेवावा: आधी ‘गारंबीचा बापू’, मग ‘हद्दपार’, मग ‘रथचक्र’, आणि ‘तुंबाडचे खोत’ चौथं. ‘हत्या’ आणि ‘कलंदर’ जोडीनेच घ्या. ‘कलंदर’ हा ‘हत्या’चा पुढचा भाग आहे, उलट क्रमाने वाचलं तर ‘हत्या’तल्या पोराच्या नजरेची सगळी गंमत जाते.

खोतीबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

खातेउतारा

लिहितो. लांबेल, पण याशिवाय पेंडसे अर्धेच कळतात.

खोत म्हणजे जमीनदार, असं सरसकट समजलं जातं. मुळात खोत हा सरकार आणि रयत यांच्यामधला वसुली करणारा. गावाचा ठरलेला सारा सरकारात भरायचा, आणि कुळांकडून जे येईल त्यातलं उरलेलं आपलं. हे वतन वंशपरंपरेनं चालायचं. इंग्रजांनी १८८० मध्ये खोतीचा कायदा करून रत्नागिरीकडची ही व्यवस्था कागदावर बांधून टाकली.

गावातले शेतकरीही सगळे एका पायरीवरचे नव्हते. धारेकऱ्याचा धारा (सारा) ठरलेला असायचा, त्याच्या पिकाशी खोताला कर्तव्य नव्हतं. अर्धलीच्या कुळाला निम्मं पीक द्यावं लागायचं, तिर्धलीच्या कुळाला तिसरा हिस्सा. त्याशिवाय वेठ. कादंबरीत एखादा शेतकरी खोतासमोर ताठ उभा राहतो आणि दुसरा नजर वर करत नाही, त्यामागे स्वभावाइतकीच ही पायरी असते.

आता ‘अभावणी’ हा शब्द लक्षात ठेवा. पीक उभं असताना खोत किंवा त्याचा कारभारी बांधावरून फिरतो आणि या खाचरात इतकं भात निघेल असा अंदाज बांधतो. खोताचा हिस्सा त्या अंदाजावर ठरतो. उदाहरण घेऊ. कूळ अर्धलीचं. अभावणीत आकडा पडला १२ मण, म्हणजे खोताचे ६. मग कापणीच्या तोंडावर पाऊस आला, भात लोळलं, झोडणीत निघालं ९ मण. खोताला ६ द्यायचेच, कुळाकडे उरले ३. त्यातून पुढच्या वर्षीचं बी बाजूला काढायचं. उरलेल्यात घर चालत नाही, म्हणून श्रावणात त्याच खोताच्या दारात वाढीदिढीनं, म्हणजे घेतल्यापेक्षा जास्त फेडायच्या बोलीवर, भात मागायला जायचं. एक मण जास्त की एक मण कमी, हे बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी शब्दावर. म्हणून या गावात खोताची मर्जी ही जगण्या-मरण्याची गोष्ट असते.

(मापं: साधारण १२ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. पण पायली गावोगाव बदलते, त्यामुळे आजच्या किलोत आकडे काढत बसू नका.)

दुसरी गोष्ट भावकीची. खोतीला अनेक वाटेकरी असत आणि कारभार पाळीपाळीनं फिरे. ज्याची पाळी तो त्या वर्षाचा वहिवाटदार खोत. वसुली त्याच्या हातून, सरकारात भरणा त्याच्या हातून, आणि हिशेब मात्र सगळ्यांना द्यायचा. भाऊबंदकीला याहून सुपीक जमीन मिळणार नाही. खोतांच्या घरातली पिढीजात वैरं याच वाफ्यात रुजतात.

---

रोजकीर्द

@खातेउतारा, फार उपयोगी. यात तारखा जोडल्या की आणखी एक गोष्ट दिसते. खोतीविरुद्ध अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात मांडलं. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, अंमल १९५० पासून. आणि १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानणारा, कृषक दिन.

आता पुस्तकं शेजारी ठेवा. ‘एल्गार’ १९४९, ‘हद्दपार’ १९५०, ‘गारंबीचा बापू’ १९५२. खोती कायद्यानं संपत असतानाच पेंडसे खोतांची गावं लिहीत होते. १९५२ च्या कोकणातल्या वाचकाला ‘गारंबीचा बापू’तला अण्णा खोत हा ओटीवर बसलेला, ओळखीचा माणूस होता. ‘तुंबाडचे खोत’ मात्र १९८७ चं, सगळं संपून पस्तीसेक वर्षं झाल्यावरचं. म्हणून त्याचा सूर वेगळा. तिथे एका वतनाचा उदय आणि ऱ्हास चार पिढ्यांच्या अंतरावरून दिसतो.

---

पोफळवाडी

‘गारंबीचा बापू’तल्या बापूचा पैसा सुपारीतून येतो, म्हणून सुपारीबद्दल.

बापू पाणक्या विठोबाचा पोर, खोताच्या घराशी संबंध काय आहे याबद्दल गावात कुजबुज. जमीन नाही, मान नाही. अशा माणसाला भातशेतीतून वर येणं अशक्य, कारण भात खोताच्या मुठीत. सुपारी रोकडीचं पीक. तिथे हातात पैसा, घेतलेला शब्द पाळण्याची धमक आणि मालाची पारख असेल तर जमीन नसली तरी चालतं. अण्णा खोताची सत्ता धान्याची, बापूची रोकडीची. कादंबरीतला झगडा या बाजूनेही वाचून बघा.

पारख कशी असते ते सांगतो. पोफळ (सुपारीचं झाड) लावल्यापासून पाच-सात वर्षांनी धरते. उन्हाळ्यात बागेला शिपणं चुकवून चालत नाही. विहिरीवर रहाट, तिथून पाट, पाटातून आळ्यात पाणी. जिथे डोंगरातून बारमाही पऱ्या येतो तिथे रहाट लागत नाही, नुसत्या पाटाने पाणी उतरतं. आसूदसारख्या बागा अशाच पाण्यावर उभ्या आहेत. आणि वरच्या बागेवाल्यानं पाट वळवला की खालच्याची बाग करपते, म्हणून पाण्याच्या पाळ्या हा कायमचा तंट्याचा विषय.

फळ पिकून नारिंगी झालं की बेडं उतरवायचं. झाड सडपातळ असल्यामुळे चढणारा गडी शेंड्यावरून झोका घेऊन शेजारच्या पोफळीवर जातो, दर झाडाला खाली उतरत नाही. मग खळ्यात एकाच थरात पसरून उन्हात ४० ते ४५ दिवस. मधूनमधून हात फिरवून उलथायचं. थर जाड झाला, किंवा अवकाळी पावसात माल भिजला, की सालीत दमटपणा राहतो आणि आत बुरशी धरते. वरून सुपारी ठणठणीत दिसते, फोडली की काळी. वाळलेली असोली (सालीसकट सुपारी) कानाशी हलवून बघतात. आतली सुपारी सुटून खुळखुळली तर वाळली, मुकी राहिली तर अजून ऊन हवं. व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधली सुपारी काढतो ती एवढ्यासाठी, कारण वरचा थर नेहमीच चांगला असतो.

पावसाळ्यात कोळेरोग लागला तर कोवळी फळं गळून पडतात आणि वर्षाचं उत्पन्न जातं. म्हणजे बागायतदाराला पैसा लागतो पावसाळ्यात, माल तयार होतो उन्हाळ्यात. मधल्या महिन्यांत ज्याच्याकडे रोकड तो भाव ठरवतो. गावात पैशाची माणसं कशी तयार होतात, ते या मधल्या महिन्यांत.

---

सायली पारिजात

खूप छान धागा. एक शंका. ‘तुंबाडचे खोत’ आणि २०१८ चा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट यांचा काही संबंध आहे का? चित्रपट पाहून कादंबरी घेतली, पण शंभरेक पानांत त्यातला राक्षस हस्तर काही आला नाही.

---

रोजकीर्द

@सायली पारिजात, नाव सोडलं तर संबंध नाही. हस्तर पुढेही येणार नाही. भयकथेच्या अपेक्षेनं वाचलंत तर ही कादंबरी संथ वाटेल. घराण्याचा इतिहास म्हणून परत पहिल्या पानापासून घ्या.

ती सुटते कुठे, याची कारणं साधारण ठरलेली आहेत. दोन खंड मिळून पानं चौदाशेच्या आसपास. एका घरात चार पिढ्या, आणि तीच माणसं कधी नावानं, कधी नात्यानं, कधी टोपणनावानं येतात. दादा खोत आणि बंडू खोत यांच्या काळातल्या घटना पुढच्या पिढ्यांच्या तोंडी पुन्हा येतात, तेव्हा वाचक गोंधळतो आणि पुस्तक मिटतो.

उपाय सोपा आहे. पाठकोरा कागद आडवा धरा, चार ओळी आखा, एका पिढीला एक ओळ. नवं माणूस आलं की नाव लिहा, खाली कुणाचा मुलगा किंवा कुणाची सून ते, आणि ज्या पानावर आलं तो आकडा. लग्नाची रेघ आणि लग्नाबाहेरच्या संबंधाची रेघ वेगळी काढा, या कादंबरीत दोन्ही लागतात. चिमापा, नाना, मधू ही नावं आपापल्या ओळीत बसली की पुढे अडत नाही. रोज ३५ पानं वाचलीत तर चाळीस दिवसांत दोन्ही खंड होतात. पहिल्या आणि दुसऱ्या खंडाच्या वाचनात मोठं अंतर मात्र पाडू नका. महिनाभर थांबलं की मागचे धागे हातातून जातात.

---

आडवाट

भूगोलाबद्दल भर.

तुंबाड जगबुडीच्या काठी, खेडकडे. जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळला समुद्रात जाते. ही साखळी नकाशावर बोटानं फिरवून घ्या. भरतीच्या पाण्यावर होड्या खाडीतून थेट खेडपर्यंत वर येत, ओहोटीला परत जात. नदीकाठच्या खोताला मालाची ये-जा दारातून दिसायची. आज ते गाव आडबाजूचं वाटतं कारण आपण महामार्गावरून बघतो. त्या काळी रस्ता म्हणजे पाणीच होतं.

तेच मुंबईच्या प्रवासाचं. आगबोट हर्णेला किंवा दाभोळला. हर्णेला ती किनाऱ्याला लागत नसे, पडावातून उतरावं लागे. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे चाकरमानी, मनिऑर्डर, पत्र, सगळ्यांवर परिणाम. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ ला. पेंडशांची गावं त्याच्या कितीतरी आधीची, म्हणून कुणी ‘मुंबईला गेला’ या दोन शब्दांचं वजन तिथे फार आहे.

‘गारंबी’ शोधायला लोक रायगड जिल्ह्यातल्या मुरूडजवळच्या गारंबीला जातात. कादंबरीचा मुलूख दापोली तालुक्यातला आहे. बापूतला व्याघ्रेश्वर बघायचा तर दापोली-हर्णे रस्त्यावर आसूदला उतरा. व्याघ्रेश्वराचं देऊळ तिथे आहे, आणि ओढा ओलांडून पोफळीच्या बागांतून पायऱ्या चढलं की केशवराजाचं देऊळ. मुर्डी तिथून जवळच. एकच काळजी घ्या: वाटेच्या दोन्ही बाजूंच्या बागा लोकांच्या खाजगी आहेत, वाळत घातलेली सुपारी पायाखाली येऊ देऊ नका.

---

माजघर

@पोफळवाडी, ‘मुकी सुपारी’ हा शब्द फार आवडला.

एक मुद्दा राहतोय. पेंडशांना प्रादेशिक कादंबरीकार म्हणून एका खणात ठेवलं की निम्मे पेंडसे बाहेर राहतात. ‘लव्हाळी’ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या मुंबईतलं, चाळीतल्या एका साध्या माणसाच्या रोजनिशीच्या रूपातलं. त्यात ना खाडी, ना खोत. पण पद्धत तीच आहे: पगार किती, खोली केवढी, वरिष्ठाचा मूड कसा, आणि या सगळ्यात माणूस किती वाकतो. मला ते त्यांच्या उत्तम पुस्तकांपैकी एक वाटतं, आणि त्याची चर्चा होते त्याच्या दसपट व्हायला हवी. बेस्टच्या कचेरीत काढलेली वर्षं या पुस्तकामागे आहेत असं वाचताना सतत जाणवतं.

---

खातेउतारा

सहमत. पण एक उणीवही नोंदवतो, ती लपवण्यात अर्थ नाही. पेंडशांचा कॅमेरा बहुतेक वेळा खोताच्या ओटीवर ठेवलेला असतो. ओटीवरून अंगणात उभं असलेलं कूळ दिसतं, अंगणातून ओटी कशी दिसते ते फार थोडं येतं. अभावणीचा हिशेब वर दिला, तो कुळाच्या घरी गेल्यावर रात्री काय होतं, बाई पायलीनं भात मोजताना काय म्हणते, हे प्रसंग शोधावे लागतात. पेंडसे खोतांचे दुर्गुण झाकत नाहीत, उलट निष्ठुरपणे दाखवतात. तरी वाड्याच्या पडझडीत जेवढी करुणा आहे, तेवढी कुणब्याच्या मुक्तीच्या आनंदात नाही.

---

पोफळवाडी

@खातेउतारा, खोतांच्या बाबतीत मान्य. पण बापू आणि राधा यांना त्या मोजपट्टीत बसवता येणार नाही. रावजीच्या हॉटेलातली राधा गावाच्या उतरंडीत कुठेच नाही, आणि कादंबरीचा कणा तीच आहे. गावानं बहिष्कृत केलेली दोन माणसं गावापुढे उभी राहतात, ती ओटीवरून दिसलेली नाहीत. ‘रथचक्र’ही तसंच. नवरा घर सोडून गेलेला, एकत्र कुटुंबात पोरांसह मागे राहिलेली बाई. तिथे पेंडसे ओटी सोडून थेट स्वयंपाकघरात जातात. कुणाच्या पानात काय पडलं, कुणाच्या पोराला दूध मिळालं, फी कुणी द्यायची, अशा बारीक हिशेबांतून त्या बाईचा निर्धार घट्ट होत जातो. खोतीची सत्ता शेतात जशी अभावणीतून चालते, तशी घरात वाढपातून चालते. ‘रथचक्र’ वाचताना वाढणाऱ्या हातांकडे लक्ष ठेवा.

---

खातेउतारा

हा मुद्दा पटला. वाढपाचा विचार मी केला नव्हता. राधेबद्दलही बरोबर आहे. कुणब्यांबद्दलचं म्हणणं तेवढं कायम ठेवतो.

---

सायली पारिजात

कागद आखून पुन्हा सुरुवात केली, आता बरंच सोपं जातंय. आणखी दोन प्रश्न. नाटकं आणि चित्रपट आधी पाहिले तर चालतील का? आणि अमराठी मैत्रिणीला द्यायला काही आहे का?

---

रोजकीर्द

@सायली पारिजात, पेंडशांनी स्वतःच आपल्या काही कादंबऱ्यांची नाटकं केली. ‘हद्दपार’वरून ‘राजे मास्तर’, तसंच ‘गारंबीचा बापू’. बापू रंगभूमीवर काशिनाथ घाणेकरांनी गाजवला, १९८० च्या चित्रपटातही तेच. पण आधी कादंबरी वाचा. नाटकात प्रसंग उचलावे लागतात, मग बापूचा उद्दामपणा आणि राधा पुढे येतात. सुपारीचा व्यवहार, देवळाचं राजकारण, गावकीचे सावकाश बदलणारे रंग मागे पडतात. ‘हद्दपार’चं तर विशेष: दुर्गेश्वरची शाळा आणि राजेमास्तर यांचं नातं वर्षानुवर्षं मुरत जातं, ते दोन-तीन तासांत मुरवणं कठीण.

मैत्रिणीसाठी ‘गारंबीचा बापू’चा इयान रेसाइड यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे, साहित्य अकादमीने १९६८ मध्ये काढलेला. जुनी प्रत असल्यामुळे दुकानात शोधण्याऐवजी मोठ्या ग्रंथालयात विचारा. मराठी पुस्तकं कॉन्टिनेन्टल प्रकाशनाची. ‘तुंबाडचे खोत’ जुन्या बाजारातून घेताना दोन्ही खंड एकत्र असल्याची खात्री करा, एकटा दुसरा खंड पुष्कळदा विकायला येतो. बांधणीही तपासा: जाड खंड मध्यावर उघडून कण्याकडे बघायचं, शिवण सुटलेली असेल तर वाचताना पानांचे गठ्ठे हातात येतात.

---

आडवाट

वाचताना अडणारे काही शब्द एकत्र टाकतो, कुणाला आणखी सुचले तर जोडा.

पऱ्या म्हणजे लहान ओढा. साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पूर्वी बहुतेक लाकडी. वरकस म्हणजे भाताला न चालणारी डोंगरउताराची जमीन, नाचणी-वरीची. खाजण म्हणजे खाडीलगतची खारी जमीन, बांध फुटला की दोन-तीन वर्षं पीक नाही. कवळ म्हणजे राबासाठी तोडलेल्या डहाळ्या. रोपं जिथे करायची त्या जागेवर कवळ, शेण, पाला अंथरून उन्हाळ्यात भाजतात, तो राब. त्याने तणाचं बी जळतं आणि राख मिळते. पण कवळ तोडायचा तो कुणाच्या रानातून? रान खोताचं असेल तर इथेही त्याची परवानगी. कादंबरीत झाड तोडण्यावरून एवढं रण का पेटतं, असं वाटलं तर हे आठवा: कवळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही.

---

पोफळवाडी

त्यात ‘आगर’ जोडा. घरामागची नारळी-पोफळीची बाग. शहरी वाचक ‘आगरात गेला’ हे मिठागर समजतात आणि बापू तिथे भर दुपारी काय करतोय ते कळत नाही.